पत्र्याखालचा लॅपटॉप

माझं सगळं आयुष्य पंख्यावर गेलं. लातुरात माझं मोटार वायंडिंगचं दुकान हाय. जळालेला पंखा आणा, कूलर आणा, पाण्याची मोटार आणा. जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश मारायचं. एवढं एकच काम मला येतं. शाळेत मी दोन वर्षं गेलो, दोन्ही वर्षं पहिलीतच. पण पंखा गल्लीच्या तोंडाला फिरत असला तरी इथं बसून सांगतो, ह्याचा बुश गेलाय का कंडेन्सर. आन असला मी मोठा कानाचा माणूस, माझ्याच घरात एक पंखा अडीच महिने बोंबलत व्हता आन मला कळलं न्हाई.

तो पंखा लॅपटॉपातला व्हता. लॅपटॉप दोस्ताकडनं घेतलेला. म्हणून आधी दोस्त सांगावा लागतो.

आम्ही दोघं एकाच गावचे, औशाकडचे. भूकंपात आमचं गाव बसलं. घरं दगडमातीची, भिंती दोन-दोन हात रुंद, वर मातीचं माळवद. आम्हाला वाटायचं तोफ लागली तरी हलायचं न्हाई. ते सगळं आईबापावर पडलं. मी वाचलो, कारण कालवणात मीठ कमी म्हणून आईशी भांडलो व्हतो आन रुसून मागं जनावराच्या पत्र्याखाली जाऊन झोपलो व्हतो. भिंत पत्र्यावर आली, पत्रा माझ्यावर आला, आन मी आत करंजीतल्या सारणासारखा. दोस्तानं हातानं दगड काढले. पायाला धरून मला वढून बाहेर घेतला. उलटा काढला म्हणून ह्याचं डोकं उशिरा चालतं, असं आमच्या घरात म्हणतात, आन ते खोटं न्हाई. त्याच्या उजव्या हाताची दोन नखं त्या दिवशी गेली. परत आली ती वाकडीच आली, कोंबडीच्या नखासारखी.

नंतर सरकारनं पत्र्याची शेडं दिली. माझ्या नावानं शेड यायला लई दिवस लागले, कारण कुठल्याच कागदावर मी नव्हतो. दोस्ताच्या आईनं त्यांच्या शेडात मधी लुगडं बांधलं आन म्हणली, लुगड्याच्या अलीकडचा पत्रा तुझा. त्या अर्ध्या पत्र्याखाली मी तीन उन्हाळे काढले.

तवापासून मला पत्राच लागतो. स्लॅबखाली गेलो की मान आपोआप खाली जाते, जसं कुणी वरून मारणार हाय. लातुरात आमच्या गल्लीत समद्यांनी स्लॅब टाकले, वर मजले चढवले. माझं घर मधी चपटं, पत्र्याचं, जसं दाताच्या रांगेत एक दात पडलेला. बायको म्हणती, वैशाखात आपल्याकडं भाकरीला तव्याची गरज न्हाई, पत्र्याला चिकटवली तरी भाजती. मी म्हणतो, भाकरी पडंल, पत्रा बी पडंल, पण माणूस मरायचा न्हाई.

मग लातुरात क्लासची लाट आली. कुठनं कुठनं लोक पोरं घेऊन आले. हिमायतनगर, भोकर, देगलूर, कर्नाटकातनं बी. एक खोली, एक कॉट, एक पोरगं आन एक टेबलफॅन. डॉक्टर किती झाले मला माहीत न्हाई, पंखे लई जळाले. माझा धंदा त्याच्यावर उभा राहिला. तवा दोस्त बी माझ्यासंगं दुकानातच व्हता. उन्हाळ्यात परीक्षा झाली की पोरं पंखे टाकून गावाला जायची. आम्ही ते भंगाराच्या भावात उचलायचो. मी तार बदलायचो, दोस्त रंग मारायचा. त्याचा हात लई साफ. चंदेरी रंगाचा डबा घ्यायचा, तोंडाला रुमाल बांधायचा, आन जुनापुराणा पंखा असा करून ठेवायचा की पंख्याच्या आईनं बी वळखू नये. जूनमध्ये नवी पोरं आली की तेच पंखे कोरे म्हणून विकायचे. पंख्याचा पुठ्ठ्याचा डबा कुठं गेला विचारलं तर म्हणायचं, उंदरानं खाल्ला.

एक हिमायतनगरचा बाप मला अजून दिसतो. पोरीला सोडायला आलेला. धोतर, हातात पिशवी. पंखा चालू करून दाखवला तर त्याच्या वाऱ्यापुढं त्यानं हात धरला, जसं देवापुढच्या दिव्यावर धरतात. म्हणला, "नवाच हाय न्हवं, भाऊ?" मी म्हणलं, "कोरा हाय, मामा." तो पंखा घेऊन, डोक्यावर ठेवून गेला. आम्ही दोघं मागं हसलो. पंख्याची वरात निघालीय म्हणून.

पुढं दोस्ताचं लग्न भोकरकडं झालं, तो नांदेडात गेला आन त्यानं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. पंख्यावरनं कॉम्प्युटरवर गेला. मी पंख्यावरच. पण नातं व्हतं तसंच राहिलं. दरसाल दसऱ्याला तो नांदेडहून लातूरला यायचा, आपट्याची पानं घेऊन. गावातल्या कुणाच्या बी आधी सोनं माझ्या हातात द्यायचा, मिठी मारायचा, आन मग माझ्या बायकोच्या हातचं जेवून परत जायचा.

कोरोनाच्या साली माझी पोरगी डॉक्टरीच्या परीक्षेला बसणार व्हती. आमच्या खानदानात हिच्याएवढं कोण शिकलं न्हाई. मला तर ती काय शिकती ते सांगता बी येत न्हाई. कुणी विचारलं तर म्हणायचो, हाडाचं. क्लास बंद झाले आन सगळं फोनवर आलं. फोन माझा, तडा गेलेला, त्यात अर्धा मास्तर दिसायचा. आन सरावाच्या परीक्षा असायच्या, तीन-तीन तासांच्या, त्या कॉम्प्युटरशिवाय नीट देता येत नव्हत्या. ती काय मागायची न्हाई. तीच तर पंचाईत व्हती. मागणारी पोरगी असती तर मी नाही म्हणून मोकळा झालो असतो.

दोस्ताला फोनवर बोललो. तो म्हणला, पोरगी तुझी काय आन माझी काय, एक नवा पीस हाय माझ्याकडं, डबापॅक, तो तिलाच जाणार. गाड्या बंद व्हत्या, जिल्ह्याबाहेर जायला पास लागायचा. पण केळीच्या गाडीला कोण अडवत नव्हतं. अर्धापूरहून लातूरला केळी घेऊन येणाऱ्या टेम्पोत, घडांच्या मधी, त्यानं तो लॅपटॉप पाठवला. पैसे मी नव्याच्या भावानं दिले. डबा घरात आला तवा पिकल्या केळीचा वास सुटला. पोरीनं डबा उलटासुलटा करून बघितला. म्हणली, पप्पा, ह्याची टेप दोनदा लावलेली दिसते. मी म्हणलं, प्रवासासाठी लावली असंल, खड्डे किती हायत रस्त्याला.

बायकोनं पाट मांडला. बाजार बंद, नारळ न्हाई, झेंडू न्हाई, हार न्हाई. शेजारच्या दारातली गुलाबी कण्हेर तोडून आणली. लॅपटॉपच्या झाकणावर बोटभर ओलं कुंकू लावलं, साखर ठेवली. मी पाया पडलो. मशीनीच्या मी पाया पडतोच, पोटाला तीच घालती.

चालू केला. एक घटका गेली न्हाई तर आतनं आवाज यायला लागला. आधी हूं, मग भूं, मग नुसता भणभणाट. बूड तापलं, मांडीवर ठेवता येईना. बायको आतून म्हणली, गिरणीवाल्याला जागा भाड्यानं दिली का. दुसऱ्या दिवशी तासात मास्तर म्हणले म्हणे, ज्याच्या घरी पिठाची गिरणी हाय त्यानं कृपा करून माइक बंद करावा. क्लासात चारशे पोरं ऐकत असतील, माझ्या पोरीनं माइक बंद केला तो पुन्हा चालूच केला न्हाई. शंका विचारायची ती बंद झाली.

पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणली, "पप्पा, हा नवीन नाही."

कशावरून म्हणतीस, असं मी इचारलं. तिनं बटणं दाखवली. काही काही बटणांवरची अक्षरं पुसट झाली व्हती, बोटानं घासून घासून होतात तशी. खाली एका कोपऱ्याचा रंग जरा वेगळा व्हता. मी म्हणलं, मला कुठं इंग्रजी येती, पुसलं का आधीच नव्हतं मला काय कळतंय. ती म्हणली, काकांना विचारा. तवा मला राग आला. मी तिला म्हणलं, "ज्या माणसानं मला दगडाखालनं काढला, त्याला मी चोर म्हणू का? तो नसता तर तू नसतीस. परत हे तोंडातनं काढू नको."

तिनं परत काढलं न्हाई. हुशार पोरगी गप बसली की समजावं बाप हरला. मला वाटलं मी जिंकलो.

पण आवाज तर चालूच. म्हणून मग मी इलाज करायला लागलो. माझ्या अकलेचा इलाज म्हणजे कसा, ऐका. फरशी तापलीय म्हणून लॅपटॉप तापतोय, असं समजून मी त्याच्याखाली गोधडी घातली. चार पदरी. तो आणखी पेटला. मग डोक्यावर हंडा घेताना बायका ठेवतात तशी चुंबळ केली आन त्याच्यावर बसवला. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं लॅपटॉपला पाण्याला पाठवायलेत. मग कूलरपुढं ठेवला. कूलर माझाच, पाणी उडवतो. अक्षरांवर थेंब बसले, पोरगी वरडली, उचलून ओढणीनं पुसला. मग पत्र्यावर बारदान टाकलं आन दिवसातनं सहा वेळा बादलीनं पाणी मारलं. पाणी बारदानातनं पत्र्यावर, पत्र्यातनं आमच्या गादीवर. मग दोन विटांवर उभा केला आन बाजूनं टेबलफॅन लावला. पंख्याला पंखा. टेबलफॅन जळाला.

सरावाच्या परीक्षेत निम्मे प्रश्न झाले की तो बंद पडायचा. दणकन न्हाई, हळूच. पडदा काळा. पोरगी तशीच बसून राहायची, काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघत. थंड होऊन परत चालू होईस्तवर वेळ निघून गेलेला. चार परीक्षा अशा गेल्या. पाचवीला ती बसलीच न्हाई.

मी दोस्ताला रोज फोन करायचो. तो बी उचलायचा, कधी टाळलं न्हाई, हे मला कबूल केलं पाहिजे. उजेड कमी कर म्हणला, केला. बंद करून चालू कर म्हणला, केला. मग एकदा म्हणला, कुठं ठेवलाय? मी म्हणलं, घरात. वर काय हाय? मी म्हणलं, पत्रा. तो म्हणला, मग झालं की, तुझ्या पत्र्याखाली माणसं शिजतात, त्यात ते इवलं मशीन. आन पूजा केली का, असं बी त्यानंच इचारलं. केली म्हणलं. कुंकू गेलं असंल आत, म्हणला. आता हात लावू नको, उघडलंस की गॅरंटी गेली.

मी फोन ठेवला आन बायकोला बोललो. तुझ्या कुंकवानं पोरीचं वरीस घालवलं म्हणलं. ती म्हणली, मी बोट टेकवलं फक्त, आन तुमच्या समद्या पंख्यांना जन्मभर कुंकू लावलं तवा कोणता जळाला? मी म्हणलं, सगळेच जळालेले असतात. असं मी मोठं उत्तर दिलं आन बाहेर जाऊन बसलो.

पोरगी एक दिवस लॅपटॉप घेऊन शेजारी गेली. त्यांचं घर स्लॅबचं, वर दोन मजले, खाली गारवा. तासाभरानं परत आली. म्हणली, तिथं पण तापला, तिथं पण बंद पडला. दुसरा कुणी असता तर त्याला तिथंच कळलं असतं. मी म्हणलं, त्याला एका दिवसात सवय कशी होईल, पत्र्याचा ताप उतरायला टाइम लागतो. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मी काय ताप आलेल्या माणसाबद्दल बोलत नव्हतो, पण मला तसंच वाटत व्हतं.

मग मी ठरवलं, स्लॅब टाकायचा. एका खोलीवर तरी. दोस्ताला फोन केला. त्याला माझी भीती माहीत हाय, त्याच्याएवढी ती कुणालाच माहीत न्हाई. शेडात मी झोपेत उठून पळायचो तवा तोच मला धरून आणायचा. मला वाटलं तो म्हणंल, लेका, तू आन स्लॅबखाली? तो जरा थांबला आन म्हणला, "टाक. पोरीसाठी एवढं करावंच लागंल."

हे तो म्हणला. हे लक्षात ठेवा.

सिमेंट मिळत नव्हतं, गवंडी गावाला गेलेला. तोवर मी सवय करायला लागलो. रोज दुपारी शेजाऱ्याच्या घरात, तोंडाला रुमाल बांधून, स्लॅबखाली बसायला जायचो. त्यांनी एक खुर्ची दिली व्हती, दारापासनं दोन पावलांवर. मी वर बघत बसायचो. घाम गळायचा. पहिल्या दिवशी उगं बसल्यासारखं केलं आन पळालो. तिसऱ्या दिवशी चहा संपेस्तवर टिकलो. शेजारीण मला चहा द्यायची आन माझ्या बायकोला इचारायची, भाऊंना शुगर हाय का, लई घामतात. आठव्या दिवशी खुर्ची एक पाऊल आत सरकवली. वर कुणी पाटा सरकवला तर मी कपबशीसकट रस्त्यावर.

असं चाललं असताना एका दुपारी मी आमच्याच घराच्या उंबऱ्याला डोळे मिटून पडलो व्हतो. आत पोरगी अभ्यास करत व्हती, लॅपटॉप भणभणत व्हता. आन त्या भणभणाटात मला एक बारीक आवाज आला. टिकटिक, टिकटिक. पात्याला काहीतरी लागायचं. माझे डोळे उघडले. अडीच महिने मी त्याला लॅपटॉप समजून ऐकत व्हतो, त्या दिवशी पंखा म्हणून ऐकला. तोंड दाबलेला पंखा व्हता तो. पुढनं वारा बाहेर पडायला जागा नसली की मोटार अशीच रडती. हे तर मी रोज दुकानात ऐकतो.

मी उठलो. पोरीला म्हणलं, उघडतो. ती म्हणली, गॅरंटी? मी म्हणलं, मी पंख्याची गोष्ट करतोय, गॅरंटीची न्हाई. तिनं फोनवर बघून कुठले स्क्रू काढायचे ते सांगितलं, मी घड्याळजीचा बारका पेचकस घेतला. एकेक स्क्रू तिनं वाटीत ठेवला. पहिलाच स्क्रू हाताला लागला तवा मी थांबलो. त्याचं डोकं खाल्लेलं व्हतं, खाच पार घासलेली. स्क्रूचं डोकं कंपनीत खात न्हाईत, माझ्यासारखा कुणीतरी घाईत खातो.

झाकण निघालं. आत पंखा न्हाई, उशी व्हती. धूळ अशी घट्ट बसलेली की बोटानं अखंड निघाली, वाळलेल्या सायीसारखी. आमच्या घरात एवढी धूळ बसायला दोन-तीन वर्षं लागतील. ब्रशनं जरा झटकली तर त्यात काही तरी केशरी दिसलं. झेंडूच्या पाकळ्या. वाळून कागद झालेल्या, एक पात्यात अडकलेली, तीच टिकटिक करत व्हती. अक्षतेचा अर्धा दाणा. आन जाळीच्या तोंडाला आडवं बसलेलं, धुळीत चिकटलेलं एक पान, निम्मं तुटलेलं. मी ते चिमट्यानं काढलं, फुंकर मारली. मधनं दुमडलेलं, गाईच्या खुरासारखं. आपटा.

पोरीनं ते माझ्या हातातनं घेतलं आन उजेडाला धरलं. तिचा आवाज लई हळू आला. ती म्हणली, "पप्पा, आपल्याकडं ह्याचा दसरा अजून यायचाय."

मी पंख्याची पाती पुसली, जाळी साफ केली, बुशाला सुईच्या टोकानं एक थेंब तेल दिलं. झाकण लावलं. सगळं मिळून अर्धा तास लागला नसंल. चालू केला. एवढा शांत की बायको आतनं म्हणली, बंद पडला का परत. पोरीनं तीन तासांची परीक्षा दिली, बूड कोमट झालं तेवढंच. वर पत्रा तोच व्हता.

लॅपटॉप बरा झाला, मी बिघडलो. चार दिवस जेवण गेलं न्हाई. बायकोला म्हणलं, तुझं कुंकू नव्हतं. ती म्हणली, मला माहीतच व्हतं. पोरीला काय म्हणावं ते मला सुचेना, म्हणून मी तिच्या खोलीत जाऊन स्विच बघितल्यासारखं करायचो आन परत यायचो.

एसटी चालू झाली तसा मी नांदेडला निघालो. ते अर्धं पान काडेपेटीत ठेवलं. त्याचं दुकान बस स्टँडच्या मागल्या गल्लीत. मी दिसलो तर तो उठून उभा राहिला. फोन करून यायचं की म्हणला, आन चहा मागवला. मागं भिंतीला जुने लॅपटॉप लावलेले, एकावर एक, जशी वखारीत कौलं. एका कोपऱ्यात चंदेरी रंगाचा डबा. तो डबा बघून मला, काय सांगू, आपल्या घरचं भांडं दुसऱ्याच्या घरात दिसावं तसं झालं.

मी काडेपेटी काउंटरवर ठेवली. म्हणलं, "सोनं घे."

त्यानं उघडली. हसला. "दसऱ्याला टाइम हाय की गड्या अजून."

"आमच्या लॅपटॉपचा होऊन गेला. तुझ्या डबापॅकच्या पोटात निघालं."

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आतनं कुणी तरी बटण बंद केल्यासारखं. काडेपेटी त्यानं हळूच मिटली. त्या वाकड्या दोन नखांनी. मी नखांकडंच बघत बसलो, तोंडाकडं बघवेना.

मग तो बोलला. कुठल्या तरी हापिसातनं जुने लॅपटॉप आले व्हते, चालू व्हते, त्यानं वरून साफ केले. दुकान बंद पडायला लागलं व्हतं, गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हणलं, जुना हाय म्हणून सांगितलं असतंस तर मी जुना म्हणून घेतला असता, तुझ्याकडनंच घेतला असता, आन आल्या दिवशी उघडून साफ केला असता. त्यावर तो म्हणला, "तुझ्याकडंच शिकलो लेका. किती पोरांना पंखे विकले आपण? तवा तू कुणाला सांगितलंस?"

"त्यांची माझी वळख नव्हती," मी म्हणलं.

"म्हणूनच की," तो म्हणला. "वळखीचा माणूस भांडायला येत न्हाई."

चहा आला, तो तसाच निवला. निघताना मी एवढंच इचारलं. "स्लॅब टाक म्हणलास. ते का म्हणलास?"

तो फडकं घेऊन काउंटर पुसायला लागला. काउंटर साफच व्हता. खाली बघून म्हणला, "तेवढं चुकलं."

दुसरा घेऊन जा, चांगला देतो, असं तो दारापर्यंत म्हणत आला. मी म्हणलं, आता हाय तो बरा चालतोय, पंखा मी बघितलाय. काडेपेटी तिथंच राहिली. गाडीत बसलो, लोहा गेलं, अहमदपूर आलं, आन मला तो धोतरवाला बाप आठवला, पंखा डोक्यावर घेऊन चाललेला. त्याच्या पोरीच्या खोलीत तो पंखा कधी बंद पडला असंल, किती वाजता, तिच्या पुढं कुठलं पुस्तक उघडं असंल. त्या दिवशीपर्यंत मला हे कधी इचारावं वाटलं न्हाई. आम्ही विकलेला पंखा आम्हाला सांगायला परत आला नव्हता एवढंच.

परीक्षा झाली. निकाल लागला, दसऱ्याच्या आधी. थोडक्यात गेलं. किती थोडक्यात ते मी सांगत न्हाई, सांगितलं की लोक म्हणतात अरेरे, आन पोरीला ते आवडत न्हाई. गल्लीत कुणी कुणी म्हणलं, पहिल्या वर्षी होतच न्हाई कुणाचं, रिपीट करायचं. असंल. पण त्या चार परीक्षा आन ती पाचवी, आन तो बंद करून टाकलेला माइक, ह्याचा जाब मी कुणाला इचारू? नांदेडला एक माणूस हाय, आन लातुरात एक हाय, तो आरशात दिसतो.

दसऱ्याला मी हत्यारं मांडली. पक्कड, पेचकस, तार गुंडाळायची मशीन. पोरीनं आपणहून लॅपटॉप आणून पाटावर ठेवला, मिटून, वर प्लास्टिकची पिशवी घालून. आईनं झेंडूची माळ उचलली तर म्हणली, आई, लांबून.

दुपारी दारात टेम्पो थांबला. अर्धापूरचा, केळीचा, मागचाच माणूस. घड दिला आन आपट्याच्या पानांची एक जुडी. नांदेडच्या काकांनी पाठवलीत, म्हणला, आन गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पानं आली आन तो आला न्हाई. घड मधी ठेवून आम्ही तिघं त्याच्याकडं बघत बसलो, जसं कुणी पाव्हणं येऊन बसलंय आन बोलत न्हाई.

पोरगी म्हणली, "तपासा पप्पा. डबापॅक असेल."

किती तरी महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो. बायको बी हसली. मग पोरीनं घरातल्या पानांतलं एक पान माझ्या हातात ठेवलं, पाया पडली. मी घाबरत घाबरत इचारलं, रिपीट करतीस का. ती म्हणली, करते, लॅपटॉप चांगला चालतोय. मग म्हणली, "पण पुन्हा मी पहिल्या आठवड्यात काही सांगितलं, तर ऐकाल का?"

ऐकतो म्हणलं.

तिनं घड उचलून उलटा केला. म्हणली, "खालच्या फण्या काळ्या पडल्यात."

मी बघितलं. प्रवासात पडल्या असतील, खड्डे किती हायत रस्त्याला, असं अगदी जिभेवर आलं माझ्या. ते मी गिळलं.

"हाव," मी म्हणलं. "काळ्या हायत."